अंधारमास्तर

बारामतीच्या पेठेत माझं तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं. उभ्या आयुष्यात माझ्याकडं बिनकाचेची चौकट मागायला एकच माणूस आला, आणि तो आला तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं. तीस सालानंतरची ती वर्षं. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता, पेठेत गुळाच्या ढेपा उतरत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या घराला नवा सोपा निघत होता. नव्या सोप्याला पांढरा चुना, आणि पांढरी भिंत मोकळी बघवत नाही म्हणून छापील देव. लक्ष्मी, रामपंचायतन, गजेंद्रमोक्ष. रंग जितके भडक तितकं गिऱ्हाईक खूष, आणि वर सोनेरी पट्टी नि चकचकीत काच बसली की मीही खूष.

हा माणूस साठीच्या आसपासचा. अंगात विटलेला लांब काळा कोट, डोक्याला रुमाल, नखांत कायमचा मुरलेला तपकिरी रंग. काखेत कापडाची गुंडाळी. दुकानातल्या देवांवरून त्यानं एकदा नजर फिरवली आणि दात दुखत असल्यासारखं तोंड केलं.

"चौकटवाले, सागवानी चौकट हवी. नक्षी नको, सोनेरी नको, काच नको."

"काच नको? धूळ बसेल की."

"बसू द्या. काच लावली की माणूस चित्र बघत नाही, त्यात स्वतःचं तोंड बघून मिशी पिळतो."

मी नकळत मिशीवरचा हात खाली घेतला. त्यांनी गुंडाळी सोडली. मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. करपलेल्या दुधाच्या पातेल्याच्या बुडासारखं ते सगळं काळंतपकिरी. मी भाबडेपणानं विचारलं, "हे अजून काढायचं राहिलंय का?"

चिडले नाहीत. माझ्याच दुकानात, माझ्याच गादीकडं बोट करून मला म्हणाले, "बसा."

मी बसणाऱ्यातला नव्हे. माझ्या पायांना चाकं आहेत असं माझी बायको म्हणते. पण त्या आवाजापुढं बसलो. प्रथम दिसली चष्म्याची पितळी कड. मग कान. मग पंचांगावर टेकलेलं एक बोट. मग हळूहळू सगळी खोली वर आली. कोनाड्यात दोऱ्यानं बांधलेल्या पोथ्या, दौत, मिटलेली खिडकी, आणि मान वाकवून कसलीतरी तिथी शोधणारा म्हातारा. त्या मानेचा बाक हुबेहूब माझ्या वडिलांचा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि मी त्यांच्यासाठी रडलो नव्हतो, धंद्यातून सवडच झाली नव्हती. त्या दिवशी गिऱ्हाईक दारात खोळंबलं आणि मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसलो.

अशी माझी आणि अंधारमास्तरांची गाठ पडली.

कागदोपत्री नाव गोविंद नरहर. अंधारमास्तर हे नाव इंदापूरकडच्या पोरांनी ठेवलेलं. तिथल्या एका शाळेत ते काही महिने चित्रकला शिकवायला होते. महिनाभर वर्गापुढं एकच मातीचं मडकं ठेवलं आणि म्हणाले, मडकं काढू नका, मडक्याच्या आतला अंधार काढा. दुसऱ्या महिन्यातही तेच मडकं पाहून वरिष्ठांनी त्यांना निरोपाचा नारळ दिला. त्यांना नावाचा राग नव्हता. उलट कुणी 'गोविंदराव' म्हटलं तर मागं वळून बघायचे, दुसरंच कोण आलंय का म्हणून.

ते मूळचे नरसिंहपूरचे, उपाध्यांच्या घरातले. तरुणपणी मुंबईला जाऊन तैलरंग शिकले, मग एका संस्थानिकाच्या महालात जुनी विलायती चित्रं साफ करायच्या नोकरीत राहिले. काळोखी खोल्या, जाड ग्रंथ, मेणबत्तीशी बसलेले विद्वान अशी ती चित्रं. ती बघून लागलेलं वेड घेऊन ते गावी परतले आणि ठरवलं, आपल्या घरांतही असली चित्रं लागली पाहिजेत. आपल्या, म्हणजे डाळज-जळोचीच्या! तिथं भिंतीला टांगायची म्हणजे एक तर देव, नाही तर दोरखंड.

मी हसायचो. ते म्हणायचे, "विलायतेत आहे म्हणून नाही हो. मी अंधार शिकलो तो इथंच." आणि एकदा मला खरंच नरसिंहपुराला घेऊन गेले. उन्हातून आम्ही देवळात शिरलो. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी मी सवयीनं हात जोडले, कपाळ टेकलं आणि निघालो. दंडाला धरून त्यांनी मला थांबवलं.

"काय पाहिलंत?"

"देव."

"खोटं बोलता. इतक्यात दिसतच नाही तो. थांबा जरा."

थांबलो. खरंच, समईच्या मिणमिणत्या ज्योतीत आधी नुसता काळोख होता. मग दोन डोळे आले. मग मुख. बाहेर नीरा आणि भीमा एकमेकींत मिसळत होत्या, मला भूक लागली होती, आणि हा गृहस्थ माझ्या कानाशी पुटपुटत होता, "जो थांबतो त्यालाच दिसावा म्हणून तो असा ठेवलाय. घरातलं चित्रही तसंच पाहिजे. येताजाता दिसलं तर ते चित्र कसलं, ती तर दुकानाची पाटी."

त्यांच्या रीती दोन, आणि दोन्ही धंद्याला मारक. पहिली अशी, की चित्र टांगायचं ते जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. "साहेब खुर्चीवर बसतो, आपण मांडी घालून बसतो. आपली भिंत खालपासून सुरू होते." त्यासाठी खिशात एक सुतळी असायची. घरधन्याला घोंगडीवर बसवायचं, जमिनीपासून त्याच्या डोळ्यापर्यंत सुतळी धरायची, गाठ मारायची, आणि त्या गाठीवर मी खिळा ठोकायचा. लोकांना ते भलतंच वाटायचं. एकानं विचारलं, "मास्तर, वासरू चाटंल की वो चित्राला!" मास्तर शांतपणे म्हणाले, "चाटू द्या. निदान ते जवळून तरी बघेल."

दुसरी रीत म्हणजे घरात नसलेली वस्तू चित्रात घालायची नाही. गुळाच्या पैशानं सुखावलेल्या बागाईतदारांना आपण विद्वान दिसावं असं फार वाटायचं. डाळजचे एक पाटील आले आणि म्हणाले, "माझ्या हातात एक जाड बुक द्या. डोळ्याला चाळिशी बी काढा."

"घरात पुस्तक आहे?"

"न्हाय."

"चाळिशी?"

"डोळं ठणठणीत हायत माझं."

"मग हातात काय असतं एरवी?"

पाटील ओशाळून म्हणाले, "अडकित्ता."

मास्तरांनी अडकित्ताच काढला. अंधारातून पुढं आलेले दोन राकट हात, मधे सुपारी, आणि वर झुकलेला चेहरा इतका गंभीर की जणू शास्त्रार्थ चाललाय. पाटलांचा जुना गडी चित्रापुढं जरा थांबला नि म्हणाला, "मालक सुपारी न्हाय, इचार कातरत्यात." मास्तरांनी ते वाक्य पुढं मला पन्नासदा ऐकवलं असेल. पण घरच्यांना चित्र पटलं नाही. पै-पाहुण्याला भिंतीवर तेलाचा डाग वाटतो म्हणून ते धान्याच्या बळदाच्या खोलीत गेलं. पुढं मास्तर सहज डोकावले तेव्हा पाटलांचा जावई थुंकी लावून धोतरानं त्यावर उजेड पाडायच्या खटपटीत होता. मास्तरांनी चित्र खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि भर उन्हात चालायला लागले. ते चित्र अजून माझ्याकडं आहे.

त्या संध्याकाळी दुकानात बसून ते म्हणाले, "चौकटवाले, आजवर बावीस घरांत चित्रं दिली. त्यांच्यापुढं कुणी बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही. उभ्यानं बघतात आणि निघतात. माझं फार मागणं नाही. एका घरात, एक माणूस, चित्रापुढं बसलेलं दिसावं. मग मी सुटलो."

त्यांच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं, म्हणून ते मला जास्तच लागलं. मी आपला म्हणालो, "मी बसलो होतो की." तर म्हणाले, "तुम्हाला मी बसवलं होतं. आपणहून बसणारं माणूस पाहिजे."

असं माणूस जळोचीच्या बाबूराव तात्यांच्या घरी भेटेल असं त्यांना वाटू लागलं. तात्यांची वांग्या-कांद्याची बाग, थोडा ऊस. अक्षरशत्रू, पण चातुर्मासात रोज देवळात पोथी ऐकायला जायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे. बायकोला अवघं जळोची काकी म्हणायचं. सैपाकघराच्या दाराआड उभी राहून ती ऐकायची, कारण तिला देवळात जायला सवड नसायची. गंमत म्हणजे तात्या ऐकत ते विसरत आणि ही जे ऐके ते विसरत नसे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तात्या मास्तरांना सुदाम्याची गोष्ट सांगत होते आणि मधेच अडकले. दाराआडून आवाज आला, "पोहे मागायला ती शेजारणीकडं गेली. त्यो नव्हं."

"व्हय, ती गेली," तात्या म्हणाले. "ह्या घरात पोथी हीच हाय, मास्तर. लाल फडक्यातली नुसती पूजंला."

मास्तर त्या दाराकडं बघतच राहिले. पण काकी काही पुढं आली नाही. जेवण वाढायला आली तेवढीच, तेही पदर पुढं ओढून. हनुवटीवर हिरवं गोंदण होतं एवढं मला आठवतं.

तात्यांचं चित्र त्यांनी दोन महिने केलं. पाटावर लाल फडक्यात बांधलेली पोथी, उघडलेली नाही, आणि तिच्याशेजारी मान कलती करून ऐकत बसलेले तात्या. उजेड फक्त त्यांच्या कानावर आणि गालावर. चित्राची डावी बाजू तर निव्वळ काळीमिट्ट. मी म्हटलं, "मास्तर, इकडचं कापड वाया गेलं." ते आणि तात्या एकमेकांकडं बघून असे हसले की मला राग आला. मग सुतळी काढली, तात्यांना घोंगडीवर बसवलं, गाठ मारली आणि मी खिळा ठोकला. तात्या म्हणाले, "झ्याक झालं. आता सवड काढून बसतो ह्याच्याम्होरं."

सवड मिळालीच नाही. त्याच उन्हाळ्यात विहिरीवर मोट हाकताना छातीत कळ आली आणि तात्या गेले.

दहाव्याला गेलो तर चित्र छतापाशी. गेलेल्या माणसाची तसबीर वरच लावायची, हार घालायचा, ही आमच्याकडची पद्धत. घरच्यांनी तात्यांना देवांच्या रांगेत, लक्ष्मीशेजारी नेऊन बसवलं होतं आणि झेंडूचा हार अशा बेतानं घातला होता की तेवढा उजेडातला कान झाकून जावा. मास्तर मान वर करून बराच वेळ बघत राहिले. परत येताना टांग्यात म्हणाले, "तेविसावं." त्यानंतर त्यांनी नवं चित्र घेतलं नाही. माझ्याकडं येऊन बसायचे, रंगांच्या वाट्या पुसायचे आणि जायचे.

तात्या गेल्यावर दुसऱ्या वर्षी, घट बसायच्या आधीच्या धामधुमीत, जळोचीहून काकीचा गडी धापा टाकत दुकानी आला. मास्तर योगायोगानं तिथंच होते.

"मास्तर, लवकर चला. तात्यांच्या फोटूत बाई निघालीया!"

"काय निघाली?"

"बाई. काकीनं फोटू धुतला, तर आतनं बाई निघाली. समदं गाव गोळा झालंय वाड्यावस्त्यांसकट."

घट बसायच्या आधी घर धुवून काढायची आमच्याकडं रीत आहे. वाकळा, पाट, डबे, कोनाडे, सगळं. काकीला वाटलं, चुलीच्या धुरानं चित्र इतकं काळं झालंय. तेव्हा रिठ्याच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तिनं ते फडक्यानं खसाखसा घासलं, की नवऱ्याचं तोंड जरा स्वच्छ दिसावं. मास्तरांनी वरून दिलेला तपकिरी रोगण, थरावर थर, दिवसदिवस वाळवलेला, सगळा गेला असणार. डाळजला नुसती थुंकी लावली म्हणून चित्र काढून आणणारा माणूस हा.

अंगणात ही गर्दी. बाया पदराआड कुजबुजत होत्या, आणि एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तात्या लई साधा दिसायचा, पर बघा!" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आत मात्र कुणी नव्हतं. सोप्यात भिंतीला टेकवून चित्र जमिनीवर उभं होतं, आणि त्याच्यापुढं, ओल्या फडक्याशेजारी, काकी मांडी घालून बसली होती. पाठ आमच्याकडं. आम्ही आल्याचं तिला कळलं, पण वळली नाही.

डावी बाजू उजळली होती. तिथं खरंच एक बाई होती. पोथीपलीकडं बसलेली, पदर किंचित मागं सरलेला, कपाळावर कुंकू, ओठ उघडे. ती बोलत होती आणि तात्या ऐकत होते. पुस्तक मिटलेलंच होतं. तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं.

"मास्तर," काकी हळू म्हणाली, "सकाळपास्नं बसलीया मी हितंच. आधी वाटलं, कोण ही सटवी. लई शिव्या दिल्या तिला. मग गोंदण दिसलं." तिनं आपल्या हनुवटीला हात लावला. "ही मी हाय का?"

"हो."

"मला वाचता कुठं येतं? मला कशापायी बसवलं पोथीपाशी?"

मास्तर तिच्यामागं चार हातांवर जमिनीवर बसले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तात्या म्हणाले, मला सांगणारी ती, तिला पण घ्या. मी म्हटलं, त्या समोर बसणार नाहीत. तर म्हणाले, अंधारात बसवा, म्हंजी लाजणार न्हाय. मी रोज जेवायला बसेन, ती हळूहळू दिसत जाईल मला."

काकी हुंदका न देता रडली. पाणी नुसतं वाहत होतं. बाहेरची कुजबुज आता थांबली होती, कारण म्हाताऱ्यासकट सगळे दारातून ऐकत होते. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी धुतलं ते समदं खराब झालं न्हवं?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते बघत होते तिच्याकडं, चित्राकडं नव्हे. "खराब नाही झालं. उजेड जरा जास्त झाला."

"मग पुन्यांदा अंधार घाला," काकी म्हणाली. "त्येंनी जितं बसवलं व्हतं तितंच बरं हाय. ह्या लोकांनी कशाला बघायचं? मला ठावं झालंय आता मी कुठं हाय ती."

पुढचे आठ-दहा दिवस मास्तर जळोचीला जात होते. सोप्यात बसून थरावर थर चढवत होते आणि दाराआडून नव्हे, चांगली समोर बसून काकी सुदाम्यापासून सगळं पहिल्यापासून म्हणत होती. वाटेत ते माझ्या दुकानाला उभ्याउभ्या भेट द्यायचे, आणि चक्क शीळ घालायचे. त्या माणसाला शीळ येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ते नरसिंहपुराला गेले आणि तिथंच तापानं वारले. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. धंद्याच्या एवढ्या वर्षांत असं मी कुणासाठी केलं नव्हतं.

म्हणून माझ्या मनात ते राहिलेत ते जळोचीतल्या शेवटच्या संध्याकाळचे. चित्र पुरं झालं होतं, डावी बाजू पुन्हा काळीमिट्ट. मी पिशवीतून हातोडी काढली आणि तात्यांच्या वेळच्या खिळ्याच्या भोकाकडं निघालो. "थांबा," मास्तर म्हणाले आणि खिशातून सुतळी काढून काकीकडं दिली. काकीनं घोंगडीवर बसून सुतळीचं एक टोक स्वतःच जमिनीवर धरलं, दुसरं डोळ्यापाशी नेलं. तात्यांची गाठ तिच्या डोळ्याच्या वर आली. मास्तरांनी ती सोडली आणि चार बोटं खाली नवी मारली. मी तिथं खिळा ठोकला.

बाहेर टांगेवाला हाका मारत होता. दिवेलागण होत होती. मी म्हटलं, "मास्तर, चलायचं ना?" ते खांबाला टेकून बसले होते. पुढं काकी, काकीच्या पुढं चित्र. त्यांनी मागं न बघता नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मी हातोडी खाली ठेवली, आणि कुणी बसा म्हणायची वाट न बघता बसलो.